आनंदनगरमधली फ्रेंच, शून्य वर्षे

फ्रेंच भाषेतला शब्द तुम्ही शेवटचा कधी वाचलात? "कधीच नाही" असं म्हणण्याआधी बाथरूममध्ये जा आणि परदेशी पाठवण्यासाठी बनलेली एखादी बाटली सापडली तर ती उलटी करून बघा. इंग्रजीच्या खाली बारीक अक्षरांत जी दुसरी भाषा दिसते ती बऱ्याचदा फ्रेंच असते. ती तुमच्यासाठी नाही, कॅनडातल्या गिऱ्हाइकासाठी आहे. पण तो मजकूर बाटलीवर बरोबर बसलाय की नाही हे इथलंच कोणीतरी तपासतं. कोण तपासतं, हा प्रश्न मला चोवीस वर्षं पडला नव्हता. डिसेंबरमध्ये पाच दिवस उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथे काढले आणि उत्तर मिळालं. तुम्ही तिकडे गेला नसाल, म्हणून लिहिते आहे.

बदलापूर, मंगळवार

मी इचलकरंजीची. प्रवास कसा झाला ते लिहीत नाही, जसा होतो तसा झाला. बोलावलं होतं मधुराने, म्हणजे माझ्या मामेबहिणीने. ती मुंबईत भाषाशास्त्रात एम. ए. करते आणि तिला प्रबंधासाठी एक प्रयोग करायचा होता. शेजारी बसून फॉर्म भरून घ्यायला माणूस हवं होतं.

"तू फक्त बसायचंस," ती फोनवर म्हणाली होती. "भाषण नाही करायचं."

बसण्याचं मी कबूल केलं.

मामाचं घर मांजर्लीत, दुसऱ्या मजल्यावर. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी पाणी देतात. इथे मामाने आधी खाली जिन्याच्या पायथ्याची भिंत दाखवली. तिच्यावर रंगाने ओढलेल्या दोन रेघा होत्या, एक माझ्या कमरेला, दुसरी खांद्याच्या वर. उल्हास नदी कुठल्या पावसाळ्यात कुठवर आली होती त्याच्या त्या खुणा. "ही खालची आली तेव्हा आम्ही गाडी उचलली," मामा म्हणाला, "वरची आली तेव्हा गाडी सोडली आणि कागद उचलले." मग पाणी दिलं. मी ते जपून प्यायले.

इथली दुसरी रीत म्हणजे ओळख होताना नावाच्या आधी "ईस्ट की वेस्ट?", म्हणजे स्टेशनच्या कुठल्या बाजूला, असं विचारतात. मामाकडे, असं सांगून भागत नाही.

रात्रीच्या जेवणाआधी मधुराने मला प्रयोग समजावला. लॅपटॉपवर एक फ्रेंच शब्द येतो. तो खरा शब्द वाटला तर हिरवं बटण, बनावट वाटला तर लाल. अर्थ सांगायचा नाही. बोट किती वेळात पडलं, एवढंच यंत्र मोजतं.

"यातून काय कळतं?"

"पाणी हा शब्द तू रोज बघतेस," ती म्हणाली. "पाणथळ वर्षातून एकदा बघत असशील. तरी पाणथळ दिसल्यावर अडत नाहीस. का? कारण घरातलं एक माणूस रोज भेटतं, त्यामुळे त्याचा चुलतभाऊही चेहऱ्यावरून ओळखू येतो. मूळ शब्द जितका जास्त वेळा नजरेखालून जाईल, तितके त्याचे नातेवाईक पटकन ओळखू येतात. फ्रेंचमध्ये हे इथल्या लोकांच्या बाबतीत कसं होतं, ते मला बघायचंय."

मला हे लगेच पटलं. आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी चळवळीची पत्रकं यायची, कारण बाबा ती लिहायचे आणि आम्ही पोरं ती मोजून गठ्ठे बांधायचो. मी वाचायला शिकले ते "जाहीर" आणि "निषेध" या शब्दांवरून. शाळेत बाईंनी फळ्यावर "कमळ" लिहिलं तेव्हा मला जरा वेळ लागला होता.

उल्हासनगर, बुधवार

फ्रेंच येणारी माणसं या भागात कुठे मिळणार, असं मी विचारलं होतं. मधुरा म्हणाली, वाटेल तितकी. इथे अकरावी-बारावीत मुलं फ्रेंच घेतात. फ्रान्सला जायचं म्हणून नाही, मार्क पडतात म्हणून. मराठीत सत्तर मिळवणारा मुलगा फ्रेंचमध्ये नव्वद मिळवतो. जी भाषा आपण बोलतो तिच्यात कमी आणि जी कधी ऐकली नाही तिच्यात जास्त, या न्यायावर मला दोन वाक्यं बोलायची होती. पण मी बसायचं कबूल केलं होतं.

क्लास कॅम्प नंबर चारमध्ये (इथल्या भागांना कॅम्प म्हणतात), फर्निचरच्या दुकानाच्या वर. चढताना जिन्यात पॉलिशचा वास येतो आणि पहिल्या बाकावर बसेपर्यंत डोकं हलकं होतं. क्लासचे सर सिंधी, साठीचे. मुलं त्यांना दादा म्हणतात. त्यांनी आमच्यासाठी खालून दाल-पकवान मागवलं. पकवान म्हणजे तळलेली कडक पुरी, जाडजूड. ती तोडून डाळीत बुडवायची असते, हे मला नंतर कळलं. मी तिच्यावर डाळ ओतून मधोमध दाबलं. पकवान फुटलं आणि मधुराच्या कोऱ्या फॉर्मांवर तेलाचे डाग पडले. तिच्या प्रबंधाच्या परिशिष्टात ते डाग आता कायमचे आहेत.

"कोई बात नहीं बेटा," दादा म्हणाले, "पहिल्यांदा सगळ्यांचं फुटतं." मग अभिमानाने म्हणाले, "हमारे यहाँ फ्रेंच में कोई फेल नहीं होता. बोलत कोणी नाही, पण फेल पण नाही."

मुलं ओळीने आली. पहिल्या मुलाने विचारलं, "निगेटिव्ह मार्किंग आहे का?" दुसऱ्याने विचारलं, "किती मार्कांना?" तिसरा स्क्रीनकडे बघून नुसता बसून राहिला. मधुरा म्हणाली, हिरवं किंवा लाल, काहीतरी दाब. तो म्हणाला, "मॅम, हा आउट ऑफ सिलॅबस आहे. आम्ही सोडून देतो."

"पण शब्द आहे की नाही?"

"असेल ना. पण येत नाही कधी."

दुपारपर्यंत मधुराचा चेहरा उतरला. तिने शब्द निवडले होते ते फ्रान्समधल्या पुस्तकांत आणि सिनेमांत कोणता शब्द किती वेळा येतो याच्या तयार यादीवरून. तिथे जो रोजचा, तो इथे पटकन ओळखला जाईल, असा तिचा हिशेब. इथे भलतंच दिसत होतं. "स्वच्छ करणे" या साध्या क्रियापदावर मुलं अडत होती आणि "राजवाडा" दिसला की बोट विजेसारखं पडत होतं. कारण गाइडात राजवाड्यांवर एक धडा आहे आणि त्यावर प्रश्न हमखास येतो.

"त्यांचा फ्रान्स वेगळा आहे," मी म्हटलं. "तिथे कोणी भांडी घासत नाही, सगळे किल्ले बघत हिंडतात."

मधुरा हसली नाही.

शेवटी आलेली मुलगी कोमल. बारावी झालेली, नव्वदच्या वर मार्क. ती बटणं दाबून झाल्यावर उठेना.

"ताई, खरं सांगू? मला अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका कंपनीत बोलावलंय, लेबल चेक करायला. फ्रेंचवाली लेबलं. मार्कशीट बघून घेतलं मला. पर मेरे को तो कुछ आता नहीं. तिथल्या एक काकी शिकवतात. त्यांना धडाधड कळतं. आणि त्या फ्रेंच शिकलेल्याच नाहीत."

"मग तुला कशाला घेतलं?" मी विचारलं.

कोमल जमिनीकडे बघत म्हणाली, "त्यांच्या जागेवर."

अंबरनाथ, शुक्रवार

त्या कंपनीला शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून शुक्रवारी गेलो. अंबरनाथला जाणारा माणूस जुनं शिवमंदिर बघतो. आम्हीही बाहेरून बघितलं. दगडातली कोरीव माणसं एकमेकांना खेटून उभी आहेत, कोणाचीही कोणाला ओळख करून द्यावी लागत नाही. तिथून रिक्षाने रेखाताईंच्या, म्हणजे कोमलच्या त्या काकींच्या, वस्तीत. दारातच कोमल उभी होती. ती आमच्यापेक्षा जास्त घाबरलेली होती.

रेखाताई पंचेचाळीसच्या असतील. आठवीपर्यंत शाळा. मी "जय भीम" म्हटलं, त्यांनी "जय भीम, बसा" म्हटलं आणि पुढच्या श्वासात विचारलं, "ईस्टला उतरलात का वेस्टला?"

जेवण आधी, प्रयोग नंतर, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. आमच्याकडे भाकरी ज्वारीची असते, तिला तोडताना थोडा आवाज येतो. ही भाकरी निमूट तुटते. मला ठसका लागला.

"कोल्हापूरकडची ना गं तू? तिकडचे लोक तिखट खातात असं ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "अफवा दिसते."

कंपनी फरशी आणि भांडी धुण्याचं द्रव बनवते आणि कॅनडाला पाठवते. रेखाताई आधी भरण्याच्या लाइनीवर होत्या, जिथे बाटल्यांत द्रव भरतात. तिथल्या वाफेने त्यांना खोकला लागला तो चार वर्षं राहिला. "रात्रीची उशी उभी लावून बसायचे," त्या म्हणाल्या. मग त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवलं. टेबल खिडकीजवळ आहे. पहिल्या पावसाळ्यातच खोकला गेला. तिथे त्यांना आता अकरा वर्षं झाली. पद्धत अशी, की मंजूर झालेली एक बाटली समोर ठेवायची आणि येणारी प्रत्येक तिच्याशी जुळवायची. जुळली नाही तर उजवीकडे आडवी करायची. आता परदेशातल्या गिऱ्हाइकाने कळवलं, की लेबल तपासणारा माणूस भाषा शिकलेला हवा. म्हणून एक तारखेपासून टेबलावर कोमल. आणि रेखाताई परत भरण्याच्या लाइनीवर.

"मी नाही म्हणून सांगते काकी," कोमल म्हणाली.

"तू नाही म्हटलंस तर दुसरी येईल. ती तुझ्यासारखी विचारून शिकणार नाही. गप बस आणि भाकरी घे."

मग लॅपटॉप उघडला. पहिला शब्द आला. तो "स्वच्छ करणारा" या अर्थाचा, त्यांच्या प्रत्येक बाटलीवर असणारा. रेखाताईंनी तो अक्षरांप्रमाणे वाचला, "नेट्टोयांट." मधुरा ज्या सुरात उच्चारते त्याच्याशी याचा संबंध नव्हता, पण यंत्राला सूर कळत नाही. बोट पडलं. मधुराने आकडा बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

पुढचा शब्द त्याच घरातला, "सफाई" या अर्थाचा, पण बाटलीवर नसणारा. रेखाताईंचं बोट थांबलं नाही. हिरवं.

"हा बघितलाय तुम्ही?" मधुराने नियम मोडून विचारलं.

"नाही. पण बाटलीवर लावाजे आहे, रिन्साजे आहे, मग नेट्टोयाजे असणारच. शेपूट बघ ना, एकाच घरातले आहेत."

मग एक बनावट शब्द आला. मधुराने मुद्दाम बनवलेला, खऱ्या मुळाला खोटं शेपूट लावून. क्लासमधल्या मुलांनी अशांना सर्रास हिरवं दिलं होतं. रेखाताई जरा थांबल्या. त्यांचा हात बटणाकडे जायच्या ऐवजी लॅपटॉपच्या कडेला गेला आणि त्यांनी तो उचलून उजवीकडे आडवा करायला घेतला. मधुरा ओरडली. मी धरला.

"सवय गं," रेखाताई म्हणाल्या. "हा आमच्यातला नाही. लग्नात जेवायला घुसलेल्यासारखा वाटतो. कपडे बरोबर, पण ओळखत कोणी नाही."

त्यांनी लाल दाबलं.

नंतर "राजवाडा" आला. रेखाताईंनी तो बराच वेळ बघितला आणि लाल दाबलं. आमच्या प्रयोगातली ही त्यांची मोठी चूक. कोमल पुटपुटली, "काकी, ये तो हंड्रेड पर्सेंट आता है." रेखाताई म्हणाल्या, "आमच्या बाटलीवर कशाला येईल?"

मधुराला तिचं उत्तर तिथेच मिळालं. शब्द किती वेळा दिसतो हे महत्त्वाचंच होतं, तिची यादी तेवढी दुसऱ्या गावची होती. कोणाच्या डोळ्यांसमोरून काय जातं ते त्याच्या टेबलावर जाऊन मोजायला हवं. ती भराभर वहीत लिहीत होती आणि तिच्या गालांवर पहिल्यांदाच रंग आला होता. मी फॉर्म भरत होते. चौथा रकाना होता, "फ्रेंचचे शिक्षण, वर्षे." मी "शून्य" लिहिलं.

मधुराने ते बघितलं आणि तिचा पेन थांबला. तिच्या प्रयोगाचा नियम होता, शून्य वर्षं असलेला माणूस गाळायचा. नियम तिनेच लिहिला होता.

रेखाताईंनी हात पुसले आणि म्हणाल्या, "मग मला एक कागद देशील का? की ही बाई शब्द ओळखते. एवढंच. साहेब कागद मागतात."

आनंदनगर, शनिवार

सकाळी मामाच्या बाल्कनीत बसून मी पत्रक लिहिलं. कागदाच्या दोन्ही बाजू भरून. मधुरा आत बसून पत्र लिहीत होती, चार ओळींचं. तिचं पत्र जास्त वेळ चालू होतं. तिने आधी प्रबंधाच्या गाइडबाईंना फोन केला आणि शून्य वर्षांचा नियम मी बदलतेय, हवे तर मार्क कापा, असं सांगितलं. इतक्या मऊ आवाजात असं काही सांगता येतं, हे मला माहीत नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत कंपनीच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर रेखाताई भेटल्या. मी पत्रक दिलं. त्यांनी ते चष्मा लावून, बोट फिरवत, बाटली तपासावी तसं तपासलं.

"शोषण नऊ वेळा आहे," त्या म्हणाल्या.

"आहेच ना शोषण."

"असू दे. पण तिसऱ्यानंतर मी तो वाचलाच नाही. ओळखला आणि पुढे गेले. साहेब पहिल्यालाच पुढे जातील." त्यांनी पत्रकाची घडी घातली. "आणि हे वाटलंस तर सोमवारी लाइनीवरच्या चार पोरींना घरी बसवतील. मला टेबल पाहिजे, हार नको."

बाबांच्या पत्रकांवर आजवर अशी टीका कोणी केल्याचं मला आठवत नाही. कदाचित लोक शेवटपर्यंत वाचत नसावेत. मी पत्रक पिशवीत घातलं. हे लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा मला रडू आलं होतं आणि मी ते चहाच्या वाफेवर ढकललं.

आत गेलो ते मधुराचं पत्र घेऊन. साहेब वाईट माणूस निघाला असता तर माझी सोय झाली असती. पण त्यांनी खुर्च्या दिल्या आणि पत्र दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं, की या बाईंनी स्वतःच्या संमतीने चाचणी दिली, मजकुरातले आणि मजकुराबाहेरचेही संबंधित शब्द बरोबर ओळखले, बनावट शब्द बाजूला काढले. राजवाडा चुकल्याचंही लिहिलं होतं. मधुराने ते गाळायला नकार दिला होता.

"ताई, मला ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "अकरा वर्षांत यांच्या हातून एक खोकं परत आलं नाही. पण मला ठाऊक असून काय? गिऱ्हाइकाला फॉर्म जातो." त्यांनी फॉर्म पुढे केला. त्यात रकाना होता, "भाषेचे शिक्षण, वर्षे." जवळजवळ आमच्या फॉर्ममधलाच. "यात तुमचं पत्र कुठे बसवू?"

"खाली एक ओळ वाढवा," मी म्हटलं.

"फॉर्म मी बनवत नाही."

"कोण बनवतं?"

त्यांनी कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "जुना होता सर, त्याच्यावरूनच घेतला. ओळ टाकू का?" साहेब म्हणाले, "वरून आलं पाहिजे." वर कोण, हे दोघांनाही सांगता येईना. साहेबांनी पत्र मात्र फाइलला लावलं आणि म्हणाले, एक तारखेच्या आत वरून काही आलं तर बघू. तोवर कोमल रेखाताईंच्या शेजारी स्टुलावर बसेल आणि शिकेल.

बाहेर येताना खिडकीतून टेबल दिसलं. रेखाताई बाटली फिरवत होत्या आणि कोमलला काहीतरी दाखवत होत्या. कोमलने एक बाटली उचलली, बघितली आणि बिचकत उजवीकडे आडवी केली. रेखाताईंनी ती परत उभी केली. बरोबर होती. त्यांच्या मागे, काचेच्या पलीकडे, भरण्याची लाइन चालू होती आणि काच आतून धुरकट झाली होती.

एक तारीख अजून यायची आहे. मी इचलकरंजीला परतले आहे आणि या वेळी पत्रक काढत नाही. मधुराने तिच्या फॉर्ममध्ये एक ओळ हाताने वाढवली, छापलेल्या सगळ्या प्रतींवर, तेलाच्या डागांसकट. तिचा नियमही आता त्या ओळीवर चालतो.

हे वाचणाऱ्यांत कोणीतरी शाळेत, बँकेत, कारखान्यात, सरकारी कचेरीत बसून असे फॉर्म बनवतं. जुन्यावरून नवा बनवतं. "वर" म्हणतात ते तुम्हीच आहात. माझी विनंती एवढीच आहे. आज तो फॉर्म उघडा, "शिक्षण, वर्षे" या रकान्याखाली एक ओळ टाका, आणि विचारू नका कोणाला. "हे काम रोज किती वर्षे करता?" असं लिहा. आणि त्यापुढे उत्तर मावेल एवढी जागा ठेवा.